निपाणीचा ऊस आणि जिनिव्हाचा काटा

निपाणी, चिकोडी, हुक्केरी, कागवाड, अथणी या बेळगाव जिल्ह्यातील सीमाभागातल्या ऊस उत्पादकाला काट्याचे महत्त्व कोणी सांगावे लागत नाही. ट्रॅक्टर-ट्रॉली कारखान्याच्या आवारात शिरली की वजन किती भरणार, वजावट किती होणार आणि हंगामाचा उतारा, म्हणजे उसातून निघालेल्या साखरेचे प्रमाण, किती दाखवला जाणार, यावर त्याचे वर्षाचे गणित ठरते. म्हणूनच काटामारी, म्हणजे वजनातली फसवणूक, हा शब्द येथे वार्षिक सभेत आणि चहाच्या टपरीवर सारख्याच त्वेषाने उच्चारला जातो. या लेखात अभ्यासलेल्या प्रकरणातही वाद मुळात काट्याचाच आहे. फरक एवढाच, की हा काटा कारखान्याच्या फाटकापाशी नसून जिनिव्हात, जागतिक व्यापार संघटनेत आहे. त्याची वजने सरकारांनी आपापसांतील वाटाघाटींत ठरवली आणि पाव शतकानंतर त्यांवर भारतातील उसाचा दर तोलला गेला.

२०१९ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला या तीन साखर निर्यातदार देशांनी भारताविरुद्ध स्वतंत्र तक्रारी दाखल केल्या. संघटनेच्या दप्तरी त्या डीएस ५७९, ५८० आणि ५८१ या क्रमांकांनी ओळखल्या जातात. तक्रारीचे दोन भाग होते. केंद्र सरकार उसाला जो रास्त व किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, ठरवते आणि काही राज्ये त्यावर जो राज्य सल्लागार दर लावतात, तो दर हेच मर्यादेपलीकडचे अनुदान आहे, हा पहिला भाग. साखर परदेशी पाठवण्यासाठी दिलेली मदत हे निषिद्ध निर्यात अनुदान आहे, हा दुसरा. कर्नाटक आणि महाराष्ट्रात उत्तर प्रदेशासारखा राज्य सल्लागार दर नाही. त्यामुळे सीमाभागापुरता सारा वाद एफआरपीवर येऊन थांबतो.

बाजारभाव आणि कायदा यांमधली दरी

तक्रार झाली त्या हंगामाचे आकडे पाहिल्याखेरीज हे प्रकरण समजत नाही. २०१८-१९ साठी एफआरपी १० टक्के उताऱ्याला क्विंटलमागे २७५ रुपये होती आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्का उताऱ्याला २ रुपये ७५ पैसे अधिक मिळायचे. उतारा साडेअकरा टक्के धरला, तर टनाला ३,१६२ रुपये ५० पैसे होतात आणि त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. ही रक्कम ऊस गेल्यापासून १४ दिवसांत द्यावी आणि न दिल्यास वर्षाला १५ टक्के व्याज लावावे, असे ऊस नियंत्रण आदेश सांगतो. आदेश १९६६ चा आहे. त्यात किमान वैधानिक दराच्या जागी एफआरपी आली ती २००९ मध्ये.

आता दुसरी बाजू. १० टक्के उतारा म्हणजे एक टन उसापासून १०० किलो साखर. एफआरपी टनाला २,७५० रुपये असेल, तर किलोभर साखरेत नुसता ऊसच साडेसत्तावीस रुपयांचा झाला; कोळसा, गंधक, पगार, बँकेचे व्याज पुढे. त्याच सुमारास, २०१८ च्या उन्हाळ्यानंतर, न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात कच्च्या साखरेचा भाव पौंडाला १० सेंटच्या आसपास, म्हणजे दहा वर्षांतील नीचांकापर्यंत घसरला होता. रुपयांत मोडला तर किलोला सोळाच्या आतबाहेर. देशात २०१७-१८ मध्ये सुमारे ३२५ लाख टन साखर तयार झाली होती आणि घरचा खप २६० लाख टनांच्या आत होता. गोदामे भरलेली, भाव पडलेला आणि कायद्याने ठरलेली देणी थकलेली, अशा कोंडीत केंद्राने जून २०१८ मध्ये साखरेचा किमान विक्रीदर किलोला २९ रुपये ठरवला, फेब्रुवारी २०१९ मध्ये तो ३१ केला आणि शिल्लक साखर बाहेर काढण्यासाठी निर्यातीला मदत देऊ केली.

या मदतीच्या योजनांची भाषा मुद्दाम वाचण्यासारखी आहे. २०१८-१९ मध्ये उत्पादन साहाय्य म्हणून गाळप झालेल्या उसाला क्विंटलमागे १३ रुपये ८८ पैसे मंजूर झाले. मात्र कारखान्याने आपल्या वाट्याचा निर्यात कोटा पूर्ण करणे ही अट होती. त्याच हंगामात वाहतुकीपोटी बंदरापासून १०० किलोमीटरच्या आतील कारखान्यांना टनामागे १,००० रुपये, किनारी राज्यांतील त्यापलीकडच्या कारखान्यांना २,५०० आणि इतर राज्यांना ३,००० रुपये देऊ केले. निपाणी-चिकोडीचा भाग यांपैकी मधल्या गटात आला. पुढील वर्षी, ६० लाख टन निर्यातीसाठी, टनामागे १०,४४८ रुपयांची ठोक रक्कम जाहीर झाली. तिच्या निवेदनात ही रक्कम हाताळणी, प्रतवारी सुधारणे, इतर प्रक्रिया आणि देशांतर्गत व आंतरराष्ट्रीय वाहतूक व मालभाडे यांसह विपणनाच्या खर्चासाठी असल्याचे लिहिले होते. ही शब्दरचना दिल्लीतील एखाद्या कारकुनाला सहज सुचलेली नाही. जागतिक व्यापार संघटनेच्या कृषी कराराच्या नवव्या कलमात विकसनशील देशांना ज्या खर्चापुरती सूट आहे, त्या उपकलमांतील शब्द जवळजवळ जसेच्या तसे उचललेले आहेत. रक्कम मात्र कारखान्याच्या देण्यापोटी थेट ऊस उत्पादकाच्या खात्यावर जमा व्हायची होती. म्हणजे कागदावर मालभाडे आणि प्रत्यक्षात थकीत ऊसबिल. जिनिव्हासाठी एक नाव आणि गावासाठी दुसरे, अशी ही योजना होती, आणि ती तशी आहे हे तिन्ही तक्रारदारांना चांगलेच दिसत होते.

वजने कोणी ठरवली

या तक्रारी ऐकणाऱ्या संघटनेच्या तज्ज्ञमंडळाचा अहवाल १४ डिसेंबर २०२१ रोजी प्रसृत झाला आणि तो जवळजवळ सर्व मुद्द्यांवर भारताच्या विरोधात गेला. २०१४-१५ ते २०१८-१९ या सलग पाच हंगामांत उसाला दिलेला आधार उसाच्या एकूण उत्पादनमूल्याच्या १० टक्के मर्यादेपलीकडे होता, असा निष्कर्ष निघाला. उत्पादन साहाय्य, राखीव साठा आणि विपणन-वाहतूक या योजना निर्यात अनुदाने ठरल्या आणि अहवाल स्वीकृत झाल्यापासून १२० दिवसांत त्या मागे घेण्याची शिफारस झाली.

भारताचा मुख्य बचाव येथील कोणाही शेतकऱ्याला पटेल असा होता. एफआरपीचा एक पैसाही सरकार देत नाही. ती कारखाना देतो. मग हे सरकारी अनुदान कसे? तज्ज्ञमंडळाचे उत्तर असे, की सरकारने दर ठरवून तो देणे कायद्याने बंधनकारक केले, की बाजारभाव आधार, म्हणजे दराच्या रूपाने दिलेले अनुदान, सिद्ध होतो. पैसे कोणाच्या खिशातून गेले वा सरकारने स्वतः ऊस विकत घेतला की नाही, हे पाहण्याची गरज नाही. कराराचे कलम वाचले तर हे उत्तर चुकीचे म्हणता येत नाही. प्रश्न कलम असे का लिहिले गेले, हा आहे.

कराराच्या तिसऱ्या परिशिष्टातील पद्धत अशी: सरकारने लावलेल्या दरातून एक स्थिर बाह्य संदर्भ किंमत वजा करावी आणि उरलेल्या फरकाला त्या दरास पात्र असलेल्या उत्पादनाने गुणावे. ही संदर्भ किंमत १९८६ ते १९८८ या वर्षांची. समजा, त्या काळी एखाद्या पिकाची किंमत १०० रुपये होती आणि आज सर्वच वस्तू दसपट महागल्याने सरकारने दर १,००० रुपये ठरवला. शेतकऱ्याच्या पदरात खऱ्या अर्थाने काहीच जादा पडलेले नाही. तरीही कागदावर ९०० रुपयांचा आधार उभा राहतो आणि तो १० टक्क्यांच्या मर्यादेच्या नऊपट भरतो. अतिरेकी महागाईची योग्य दखल घ्यावी, असे अठराव्या कलमात एक वाक्य आहे खरे. पण दखल म्हणजे किती, याचे माप तेथे नाही. आजच्या मालाला चाळीस वर्षांपूर्वीचे वजन लावण्याला निपाणीच्या बाजारात काय म्हणतील, ते लिहिण्याची गरज नाही.

ही पद्धत उरुग्वे फेरीत, म्हणजे ज्या वाटाघाटींतून जागतिक व्यापार संघटना जन्मली त्यांत, आकाराला आली आणि त्या वाटाघाटींची कोंडी फुटली ती नोव्हेंबर १९९२ मध्ये अमेरिका आणि युरोपीय समुदाय यांच्यातील ब्लेअर हाऊस समझोत्याने. जे देश त्या काळी आपल्या शेतीला भरपूर पैसा देत होते, त्यांना तो टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे बंधन मिळाले, पण कमी केल्यानंतर उरलेला हिस्सा त्यांच्या नावावर कायम राहिला. अमेरिकेकडे असा हक्क वर्षाला १९.१ अब्ज डॉलरचा आहे आणि तो कोणत्याही एका पिकावर एकवटता येतो. भारताने त्या काळी आपला आधार उणे दाखवला; त्यामुळे कपातीचे बंधन नाही आणि हक्कही नाही, हाती राहिली ती केवळ १० टक्क्यांची मर्यादा. ज्याने आधी जास्त खर्च केला त्याला पुढेही जास्त मुभा आणि ज्याच्यापाशी तेव्हा पैसा नव्हता त्याला कायमची कात्री, असा या तडजोडीचा अर्थ होतो. पुढे २०१३ मध्ये बालीत अन्नसुरक्षेसाठीच्या सरकारी साठ्यांना तात्पुरते संरक्षण मिळाले, परंतु ते पारंपरिक मुख्य अन्नपिकांपुरते आहे. भात, गहू त्यात बसतात. ऊस बसत नाही.

तक्रारदारांनाही सर्वस्वी एकाच रंगात रंगवता येणार नाही. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि थायलंड यांनी २००२-०३ मध्ये युरोपीय संघाच्या साखर निर्यात अनुदानाविरुद्ध याच व्यासपीठावर दावा केला आणि २००५ मध्ये अपिलातही तो जिंकला. २००६ च्या युरोपीय साखर सुधारणांना त्या निकालाने धक्का दिला. श्रीमंतांविरुद्ध नियम वापरता येतो, याचे ते उत्तम उदाहरण आहे. अनुदानाच्या जोरावर भारताने लाखो टन साखर बाजारात ओतली की ग्वाटेमालातील ऊसवाल्याचा भाव पडतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. गंमत अशी, की ज्या ब्राझीलने तक्रार केली, तेथेच बेळगावात नोंदणीकृत कार्यालय असलेल्या रेणुका शुगर्सने २०१० च्या सुमारास कारखाने विकत घेतले होते. भांडवलाला दोन्ही बाजूंना उभे राहता येते. उसाच्या फडात उभा असलेल्याला नाही.

रंगाचे राजकारण

अनुदानाच्या वादाची चर्चा होते. साखरेच्या प्रतवारीच्या मानकांची फारशी होत नाही, आणि सरकारांचा हात तेथेही तितकाच लांब असतो. साखरेचा रंग इकुम्सा एककांत मोजतात. ही पद्धत साखर विश्लेषणाच्या एकसमान पद्धतींसाठी १८९७ पासून काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाची आहे; आकडा जितका लहान तितकी साखर पांढरी. लंडनच्या पांढऱ्या साखरेच्या सौद्याला ४५ एककांची कमाल मर्यादा आहे. आपल्याकडील बहुतेक कारखाने गंधकाची धुरी देऊन थेट रसापासून पांढरी साखर करतात. तिचा रंग साधारण शंभर ते दीडशे एककांच्या घरात असतो आणि तीत गंधकाचा अंश राहतो. अन्नमानकांचे आंतरराष्ट्रीय मंडळ असलेल्या कोडेक्सने १९९९ च्या मानकात अशा गिरणी-पांढऱ्या साखरेला वेगळा वर्ग दिला आहे: रंग १५० पर्यंत आणि सल्फर डायऑक्साइड किलोला ७० मिलिग्रॅमपर्यंत चालतो, तर शुद्ध पांढऱ्या साखरेला ही मर्यादा ६० आणि १५ अशी आहे. कोडेक्समध्ये आसनावर सरकारेच बसतात. हा वेगळा वर्ग नसता तर सीमाभागातील गोदामांत थप्पी लावलेली बरीचशी साखर आंतरराष्ट्रीय मानकाबाहेर पडली असती.

त्याहून बोलके उदाहरण इंडोनेशियाचे आहे. तेथे आयातीच्या कच्च्या साखरेचा रंग किमान १,२०० एकक असावा, अशी अट होती. किमान, कमाल नव्हे! साखर पुरेशी काळी असावी, म्हणजे ती शुद्धीकरणाशिवाय थेट बाजारात विकली जाणार नाही आणि स्थानिक ऊस उत्पादकाला तिची झळ बसणार नाही, असा त्यामागचा विचार. भारतीय कच्ची साखर त्याहून उजळ असल्याने त्या अटीने ती बाहेर राहत होती. २०१९-२० मध्ये थायलंडात दुष्काळ पडला, इंडोनेशियाला दुसरा पुरवठादार हवा झाला आणि भारताला ग्राहक. दोन सरकारांत पामतेल आणि साखर यांचा सौदा झाला: भारतीय कच्च्या साखरेवरील आयातशुल्क इंडोनेशियाने ५ टक्क्यांवर आणले, भारताने तेथील शुद्ध पामतेलावरील शुल्क मलेशियाच्या पातळीला उतरवले आणि २०२० च्या आरंभी रंगाची ती अट १,२०० वरून ६०० वर आली. साखरेच्या गुणधर्मात काडीचाही बदल झाला नव्हता. एरवी प्रयोगशाळेचा निकष म्हणून मिरवणारा आकडा व्यापारमंत्र्यांच्या टेबलावर अर्धा झाला आणि त्याचा लाभ कच्ची साखर तयार करणाऱ्या आपल्याकडील कारखान्यांनाही झाला. मानक राजकीय असते, हे तक्रारीच्या सुरात सांगण्याची आपल्याला सवय आहे. या वेळी राजकारण आपल्या बाजूने होते, एवढेच.

शून्यातले अपील

अहवाल विरोधात गेला तरी भारतावर काही आदळले नाही, याचे कारण न्यायाच्या युक्तिवादात नाही. भारताने २४ डिसेंबर २०२१ रोजी अपील केले. पण ज्या अपील मंडळापुढे ते चालायचे, ते ११ डिसेंबर २०१९ पासूनच ठप्प होते. सात सदस्यांच्या या मंडळावरील नेमणुका सर्वसंमतीने होतात, आणि मंडळ आपल्या अधिकाराबाहेर जाते, ९० दिवसांची मुदत पाळत नाही, अशा कारणांनी अमेरिकेने ती संमती रोखून धरली. २०१६ मध्ये ओबामा यांच्या काळात एका सदस्याची फेरनेमणूक अडली, ट्रम्प यांच्या काळात सर्वच अडल्या आणि बायडेन यांनीही ते धोरण बदलले नाही. शेवटच्या सदस्याची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली. नियमानुसार अपील प्रलंबित असताना तज्ज्ञमंडळाचा अहवाल स्वीकृत होत नाही, आणि अहवाल स्वीकृत होत नाही तोवर त्या १२० दिवसांची मोजणीच सुरू होत नाही. तिन्ही तक्रारदार देश २०२० मध्ये उभ्या राहिलेल्या पर्यायी अपील व्यवस्थेत सामील झाले. भारत झाला नाही. २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात सीमाप्रश्नाचा दावा लावून बसलेल्या मुलखाला प्रलंबित प्रकरण म्हणजे काय, हे वेगळे समजावून देण्याची गरज नसावी. येथे मात्र विलंब आपल्या पथ्यावर पडला आहे.

म्हणून हा वाद न्यायाच्या वाटेने न जाता पुन्हा सौद्याच्या वाटेने गेला. इथेनॉलच्या तंत्रज्ञानावर सहकार्य करून तंटा मिटवता येईल का, यावर ब्राझीलशी बोलणी झाली. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये दिल्लीतील जी-२० परिषदेवेळी स्थापन झालेल्या जागतिक जैवइंधन आघाडीत दोन्ही देश संस्थापकांत आहेत. ऑस्ट्रेलियाशी झालेला व्यापार करार डिसेंबर २०२२ मध्ये लागू झाला, पण भारताने साखर सवलतींच्या बाहेर ठेवली. तरी ऑस्ट्रेलियाने पाठ सोडलेली नाही: २०२४ मध्ये त्याने अमेरिकेला सोबत घेऊन संघटनेच्या कृषी समितीपुढे भारताच्या ऊसदराचे स्वतःचे हिशेब मांडले आणि मर्यादा फार मोठ्या प्रमाणात ओलांडल्याचा दावा केला. जिने अपील मंडळ बंद पाडले, तीच अमेरिका समितीत येऊन नियमपालनाचा हिशेब मागते, ही विसंगती कोणालाही दिसावी.

सीमाभागातील ऊस उत्पादकाने मात्र या सार्वभौम धोरणस्वातंत्र्यावर फार विसंबून राहू नये, असे मला वाटते. जागतिक भाव सुधारताच २०२१-२२ मध्ये कोणत्याही अनुदानाशिवाय सुमारे ११० लाख टनांची विक्रमी निर्यात झाली. जून २०२२ पासून केंद्राने, घरचा भाव वाढू नये म्हणून, निर्यातीवर निर्बंध आणले. २०२३-२४ मध्ये निर्यात जवळजवळ बंद ठेवली आणि डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावरही लगाम घातला. भाव पडला तेव्हा शेतकऱ्याच्या नावाने जिनिव्हात लढणारे सरकार भाव चढला तेव्हा ग्राहकाच्या नावाने दार लावते. दार लावण्याची हौस केवळ दिल्लीलाच आहे असेही नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राने आपला ऊस परराज्यात नेण्यास मनाई केली होती आणि शेतकरी संघटनांच्या विरोधानंतर ती काही दिवसांत मागे घ्यावी लागली. कारखान्याचा काटा राज्याच्या हद्दीपलीकडे आहे म्हणून ऊस थांबवणे आणि बंदरावर साखर थांबवणे, यांत अंतराचाच काय तो फरक.

२०२५ च्या ऑक्टोबरअखेर मुडलगी तालुक्यातील गुर्लापूर येथे टनाला ३,५०० रुपयांच्या मागणीसाठी ऊस उत्पादकांनी ठिय्या दिला. तोवर एफआरपी सव्वादहा टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये झाली होती आणि साखरेचा किमान विक्रीदर २०१९ मधील ३१ रुपयांवरच होता, याकडे कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी केंद्राचे लक्ष वेधले. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्याअखेर तडजोड झाली ती सव्वाअकरा टक्के उताऱ्याला, तोडणी-वाहतूक वगळून, ३,३०० रुपयांवर. आंदोलन मिटले आणि गाळप सुरू झाले. पण त्या तडजोडीत एक बारीक कलम आहे: वाढीव शंभर रुपयांपैकी पन्नास कारखान्यांनी आणि पन्नास राज्य सरकारने द्यायचे. उसाचा दर सरकार देत नाही, कारखाना देतो, हा भारताचा जिनिव्हातील बचाव तज्ज्ञमंडळाने फेटाळला असला, तरी अपिलात तो जिवंत आहे. त्या बचावाच्या कागदांशेजारी आता टनामागे पन्नास रुपयांची ही नोंद ठेवावी लागेल, आणि ती सरकारी तिजोरीतून गेलेली असेल.